तेराच्या उतरवा, अकराच्या चढवा

वाचकाचं पत्र

"नमस्कार. मी ६१ वर्षांचा आहे, पोस्टातून निवृत्त झालो. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याची गिटार इथे रत्नागिरीत माळ्यावर पडून राहिली. यंदा पावसाळा सरल्यावर ती खाली काढली. तारा काळ्या पडून गंजल्या होत्या, म्हणून नवा सेट आणला. कुठला हवा ते मला सांगता येईना, तेव्हा दुकानदाराने 'मिडियम घ्या, ना जाड ना पातळ' म्हणून दिला. पाकिटावर १३-५६ लिहिलंय. मोबाइलवर बघत बघत तारा बसवल्या, पण सूर लावताना पहिली तार तुटली. सुटी आणून पुन्हा लावली, तीही तुटली. उरलेल्या पाच तारांवर सराव करतो, पण दहा मिनिटांत डाव्या हाताची बोटं अशी दुखतात की गिटार खाली ठेवावी लागते. मित्र म्हणतो, नायलॉनच्या लाव, मऊ असतात. मुलगा म्हणतो, बाराच्या लावा, सगळे त्याच लावतात. एका नातेवाइकाने कोटेड, म्हणजे वर पातळ आवरण असलेल्या, तारा सुचवल्या, त्या बऱ्याच महाग दिसतात. मला कार्यक्रम करायचे नाहीत. काळी एकमध्ये जुनी भावगीतं म्हणतो, त्यामागे चार कॉर्ड नीट वाजले तरी भरून पावलो. गिटारच्या ब्रिजवर, म्हणजे पोटावर तारा अडकवायच्या पट्टीवर, सहा पांढऱ्या खुंट्या आहेत, याहून जास्त माहिती मला देता येत नाही. मुलाची वस्तू आहे, ती बिघडू नये. नक्की कोणत्या तारा घेऊ? आणि या वयात बोटं तयार होतील का?"

एक वाचक, रत्नागिरी

नमस्कार,

तुमच्या पत्रातली सगळ्यात उपयोगी गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत: तुम्ही काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, गाता. तारा घ्यायला गेलं की दुकानात गिटार कुठली ते विचारतात, फार तर किती खर्च करायचाय ते विचारतात. गाणाऱ्याचा सूर कुणी विचारत नाही. गाण्यामागे वाजवायच्या गिटारला तारांचा विचार सुरापासूनच सुरू करावा असं माझं ठाम मत आहे, आणि तुमच्या बाबतीत तर त्यातून बोटांचं दुखणंही बरंच कमी होतं.

आधी उत्तर देतो. अकूस्टिक गिटारचा, फॉस्फर ब्रॉन्झचा, ११-५२ गेजचा सेट घ्या. साधा, कोटिंग नसलेला. त्याच्याबरोबर अकराच्या दोन सुट्या पहिल्या तारा घेऊन ठेवा. सहाही तारा नेहमीच्या सुरापेक्षा अर्धा स्वर खाली लावा. आत्ता चढवलेल्या तेराच्या तारा मात्र आजच सैल करा, नवा सेट येईपर्यंत थांबू नका. ११-५२ मिळालाच नाही तर १०-४७ घ्या आणि तो नेहमीच्या सुरात लावा. बोटांना दोन्ही जवळपास सारखेच लागतील.

पाकिटावरचे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात. १३ म्हणजे पहिली, सगळ्यात बारीक तार ०.०१३ इंच जाडीची, आणि ५६ म्हणजे सहावी तार ०.०५६ इंचाची. सगळा घोटाळा नावांनी होतो. अकूस्टिक गिटारच्या सेटमध्ये १०-४७ला एक्स्ट्रा लाइट म्हणतात, ११-५२ला कस्टम लाइट, १२-५३ला लाइट आणि १३-५६ला मिडियम. म्हणजे दुकानात सहज मिळणाऱ्या या चार सेटांत मिडियम हा मधला नाही, सगळ्यात जाड आहे. दुकानदाराने तुम्हाला फसवलं असं मी म्हणणार नाही, नाव ऐकून कुणालाही तो मधलाच वाटेल. मोठ्या खोक्याची गिटार जाड पिकने, म्हणजे तारा छेडायच्या चपट्या तुकड्याने, जोरात वाजवणारे, ज्यांची बोटं वर्षानुवर्षं तयार झालेली आहेत, ते तेराच्या तारा लावतात. पहिल्या महिन्यात त्या कुणाच्याच हाती देऊ नयेत, मग वय सोळा असो की एकसष्ट.

फरक किती पडतो ते सांगतो. तारेची लांबी आणि सूर तोच ठेवला तर तिच्यावरचा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नेहमीच्या पूर्ण आकाराच्या गिटारवर १३-५६चा सेट सुरात लावला की सहा तारांचा मिळून ताण सुमारे ८५ किलो भरतो. १२-५३चा ७३-७४ किलो, ११-५२चा ६८ किलोच्या आसपास आणि १०-४७चा सुमारे ६१. कंपनीप्रमाणे एक-दोन किलो इकडेतिकडे होतात. आता सुराचं गणित बघा. सूर अर्धा स्वर उतरवला की ताण सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे अकराचा सेट अर्धा स्वर खाली लावला की त्याचाही ताण ६१ किलोवर येतो, दहाच्या सेटइतका. तेराच्या तारा उतरवून असा अकराचा सेट लावलात की गिटारच्या मानेवरून आणि ब्रिजवरून जवळपास २५ किलोंचा, म्हणजे सिमेंटच्या अर्ध्या गोणीचा, भार कमी होईल. मुलाच्या गिटारची काळजी वाटते म्हणता, तर एवढ्या एका बदलाने तिला सगळ्यात जास्त आराम मिळेल.

मग सरळ दहाच्याच का नको? आवाजासाठी. तार जितकी बारीक तितका आवाज पातळ होतो, आणि भावगीतामागे खालच्या तारांचा भरीवपणा लागतोच. अकराच्या तारा खाली उतरवल्या की बोटांना दहाच्या तारांचा हलकेपणा मिळतो आणि कानाला थोडा भारदस्त आवाज. बारीक तार लवकर तुटेल अशी भीती असेल तर तीही सोडा. बिनगुंडाळीची पोलादी तार कुठल्या सुराला तुटेल ते तिच्या जाडीवर ठरत नाही. बारीक तारेवर ताण कमी असतो, तिची ताकदही तेवढ्याच प्रमाणात कमी असते, आणि दोन्हींचा हिशेब बरोबर जुळतो.

तुमच्या मित्राचा सल्ला मनापासूनचा आहे, पण तो तुमच्या गिटारला लागू होत नाही. ब्रिजवरच्या सहा खुंट्यांवरून सांगतो, तुमची गिटार पोलादी तारांची आहे. तारेच्या टोकाचा छोटा गोळा त्या खुंटीखाली अडकतो. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार वेगळी असते. तिची मान रुंद असते, डोक्याला दोन लांब खाचा असतात आणि ब्रिजवर तारा गाठ मारून बांधतात. तिथे पूर्वी आतड्याच्या तारा असत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांचा तुटवडा पडला, आणि १९४०च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या आल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा बनवल्या. स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया यांनी त्या उचलून धरल्या. नायलॉनच्या सेटचा एकूण ताण ३८-४० किलोच असतो. तुमच्या गिटारची वरची फळी त्याच्या जवळजवळ दुप्पट ताणासाठी आतून पट्ट्या देऊन मजबूत केलेली आहे, ती एवढ्या ताणाने नीट हलणारच नाही. आवाज बोदा येईल, तारा मानेवरच्या धातूच्या पडद्यांवर खरखरतील, आणि नायलॉनची पहिली तार पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाड असल्याने डोक्याजवळच्या नटच्या बारीक खाचेत बसणारही नाही. उलटं मात्र कुणालाही करू देऊ नका. क्लासिकल गिटारला पोलादी तारा चढवल्या की ब्रिज उखडतो किंवा मान वाकते. असं झालेली गिटार दुरुस्त करणं महागात पडतं.

मुलाचं म्हणणं चुकीचं नाही. बऱ्याच गिटार कारखान्यातूनच बाराच्या तारा लावून येतात, आणि चारचौघांत बसून जोरात वाजवायचं तर त्या छान बोलतात. तुम्हाला एका खोलीत, स्वतःच्या आवाजामागे वाजवायचं आहे. वर्षभराने वाटलं तर बारावर जाता येईल, आणि नाही वाटलं तरी काही बिघडत नाही. बारीक तारा या शिकाऊंसाठीच असतात असं मानू नका. उत्तम वाजवणारे कितीतरी जण आयुष्यभर दहा आणि अकराच लावतात.

आता गिटारकडे या. नव्या तारा चढवण्याआधी ती नीट तपासा, कारण माळ्यावर कोकणातले पावसाळे काढलेल्या लाकडाचा भरवसा धरता येत नाही. कागदाची कड ब्रिजच्या मागच्या बाजूखाली सरकवून बघा. कागद आत शिरला तर ब्रिजचा सरस सुटत आलाय. अशा वेळी कुठलीच तार चढवू नका, आधी दुरुस्तीवाल्याला दाखवा. ब्रिजमागची फळी थोडी फुगलेली दिसली तर घाबरू नका, पोलादी तारांच्या गिटारला थोडा फुगवटा असतोच. तो डोळ्यात भरण्याइतका असेल तर मात्र दाखवून घ्या.

बोटं दुखण्याचं निम्मं कारण तारांत असतं आणि निम्मं त्यांच्या उंचीत, आणि या दुसऱ्या निम्म्याकडे कुणी बघत नाही. नवा सेट सुरात लावून एक दिवस जाऊ द्या, मग बाराव्या पडद्यापाशी मोजा. घरात बारीक मोजपट्टी नसेल तर एटीएम कार्डं घ्या. एक कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असतं, म्हणजे तीन कार्डं मिळून सव्वादोन मिलिमीटरच्या थोडी वर जातात. उठावाची अक्षरं नसलेली कार्डं घ्या, नाहीतर माप चुकेल. बाराव्या पडद्याचा धातू आणि सहाव्या, जाड तारेची खालची बाजू यांच्यामध्ये तीन कार्डं हलकेच सरकली आणि चौथं अडलं, तर उंची ठीक आहे. पाच कार्डं आरामात गेली तर उंची पावणेचार मिलिमीटरपेक्षा जास्त आहे आणि अशा गिटारवर कुठल्याही तारा दुखवणारच. पहिल्या तारेखाली दोन मिलिमीटरच्या आसपास जागा चांगली.

दुसरी तपासणी नटची. सहावी तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याच्या मधे दाबून धरा आणि पहिल्या पडद्यावर तार किती उंच राहते ते बघा. फट जेमतेम दिसावी, पातळ कागद सरकण्याइतकी. ती चांगली ठळक दिसत असेल तर नटच्या खाचा उथळ आहेत, आणि सुरुवातीचे सगळे कॉर्ड याच पहिल्या तीन पडद्यांवर असल्याने रोजचा त्रास तिथूनच येतो. स्वस्त गिटारांत हा दोष फार आढळतो. कॅपो, म्हणजे मानेवर लावून सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, असेल तर आणखी सोपी खूण आहे. पहिल्या पडद्यावर कॅपो लावा आणि तेच कॉर्ड एक घर पुढे धरून बघा. दुखणं एकदम हलकं झालं तर दोषी नट आहे.

नटच्या खाचा खोल करणं आणि ब्रिजमधली हाडासारखी पट्टी, म्हणजे सॅडल, खालून घासणं ही कामं घरी करू नका. सॅडल एक मिलिमीटर घासली की बाराव्या पडद्यावर तार अर्धाच मिलिमीटर उतरते, आणि एकदा जास्त घासली की नवी घालावी लागते. दुरुस्तीवाल्याला हे काम काही कठीण नाही. तारांवर जितका खर्च कराल त्याआधी हा करा, असंच मी सांगेन. तेरावरून अकरावर येताना मान किंचित सरळ होते आणि पहिल्या दोन-तीन पडद्यांवर तारा खरखरू शकतात. दोन दिवसांत ते थांबलं नाही तर त्याच कारागिराला मानेतला रॉड थोडा सैल करायला सांगा. रॉडची किल्लीही स्वतः फिरवू नका.

पहिली तार दोनदा तुटली, पण कुठे तुटली ते तुम्ही लिहिलेलं नाही. तुकडे टाकले नसतील तर शोधून बघा. ब्रिजपाशी तुटली असेल तर सॅडलच्या कडेला धार राहिली असेल, बारीक पॉलिश पेपरचा हलका हात पुरतो. नटपाशी तुटली असेल तर तार खाचेत अडकत होती. मऊ शिसपेन्सिलीचं टोक खाचेत फिरवा, त्या भुकटीने तार सरकू लागते. किल्लीच्या खांबापाशी तुटली असेल तर तार तिथे तीव्र वाकली होती किंवा वेढे एकमेकांवर चढले होते. आणि मधेच कुठेतरी, ताणत असताना टणकन गेली असेल, तर बहुधा तुम्ही खरा सूर ओलांडून पुढे गेलात. मोबाइलची बरीच अ‍ॅप फक्त अक्षर दाखवतात, सप्तक दाखवत नाहीत. तार हव्या असलेल्या ई सुराच्या थोडी पुढे गेली की अ‍ॅप एफ, मग जी दाखवू लागतं, आणि नवशिक्याला वाटतं अजून ताणायची आहे. यासाठी दुसरी तार आधी सुरात लावा, ती पाचव्या घरात दाबा आणि पहिली मोकळी तार त्या सुराला मिळेपर्यंतच ताणा. गाणाऱ्या माणसाचा कान त्या जागी अ‍ॅपपेक्षा जास्त भरवशाचा आहे.

धातूबद्दल फार विचार करू नका, फरक आहे पण तो पुढचा. पोलादी गाभ्यावर गुंडाळलेली तार दोन प्रकारांत मिळते. एटी-ट्वेंटी ब्रॉन्झमध्ये ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त असतं, म्हणजे खरं तर ते पितळच. नव्याने लावल्यावर ती चमकदार बोलते आणि लवकर मंदावते. फॉस्फर ब्रॉन्झमध्ये सुमारे ९२ टक्के तांबं, बाकी कथील आणि अगदी थोडं फॉस्फरस असतं. डॅडारिओ कंपनीने ते १९७४ साली गिटारच्या तारांत आणलं. तिचा आवाज उबदार असतो आणि गुण जास्त दिवस टिकतो, आवाजाच्या सोबतीला तो मला जास्त आवडतो. निकेल लिहिलेले सेट घेऊ नका, ते बहुतेक इलेक्ट्रिक गिटारचे असतात. तुमच्या गिटारवर ते बसतील, पण आवाज फुलणार नाही.

कोटेड तारांचा सल्ला खरं म्हणजे रत्नागिरीकरासाठी चांगला आहे. समुद्राची खारी हवा आणि घाम यांनी साध्या तारा फार लवकर काळवंडतात, आणि कोटिंग असलेल्या कितीतरी जास्त टिकतात. तरीही पहिला सेट साधाच घ्या, कारण तारा बसवायचा हात अजून बसलेला नाही आणि एखाद-दुसरी तार वाया जाण्याची शक्यता आहे. दुसऱ्या सेटच्या वेळी, विशेषतः तो मे महिन्याच्या शेवटी बदलणार असाल, तर कोटेड ११-५२ जरूर घ्या. पावसाळा त्यावर निघेल.

तोवर वाजवण्याआधी हात धुवा आणि वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसा. तारांना खोबरेल तेल लावू नका. कोकणात गंजाला हाच उपाय सुचतो, पण तेलाने गुंडाळीत धूळ बसते आणि तार आठवड्यात मुकी होते. गिटार पुन्हा माळ्यावर टाकू नका, बाहेरच्या भिंतीला टेकवूनही ठेवू नका, पावसाळ्यात त्या भिंती ओल धरतात. खोक्यात किंवा बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या घालून आतल्या खोलीत ठेवा, आणि पुड्या अधूनमधून बदला. रोज वाजवत असाल तर रात्री तारा सैल करायची गरज नाही. महिनाभर बाहेरगावी जाणार असाल तर एक-दोन स्वर उतरवून ठेवा.

बसवताना एका वेळी एकच तार काढा आणि तिच्या जागी नवी लावा, म्हणजे मानेवरचा ताण एकदम जात नाही आणि कुठली तार कुठे हा घोळही होत नाही. खांबावर बारीक तारांचे तीन आणि जाड तारांचे दोन वेढे पुरतात, प्रत्येक वेढा आधीच्या खाली. खुंटी बसवताना तार वर ओढून धरा, म्हणजे टोकाचा गोळा लाकडाला टेकतो आणि खुंटी उडत नाही. नव्या तारा दोन-तीन दिवस उतरत राहतात. त्यात दोष काही नाही, पुन्हा पुन्हा सुरात घ्या.

दुकानात फक्त "गिटारच्या तारा द्या" म्हणू नका. "अकूस्टिक, फॉस्फर ब्रॉन्झ, अकरा-बावन्न" एवढं म्हणा आणि पाकिटावरचा आकडा स्वतः वाचून घ्या. रत्नागिरीत नाहीच मिळाला तर कोल्हापूरला जाणाऱ्या कुणाला सांगा. मुंबईला आलात तर धोबीतलावला फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान आहे, १८६५ साली सुरू झालेलं. सुट्या पहिल्या तारेसाठी इलेक्ट्रिकची अकराची मिळाली तरी चालेल. बिनगुंडाळीची तार दोन्हीकडे एकच असते, टोकाला गोळा आहे एवढं बघा.

वयाचं विचारलंत. बोटांच्या टोकांची कातडी कुठल्याही वयात घट्ट होते, त्याला रोजचा सराव आणि काही आठवडे लागतात. एका बैठकीत अर्धा तास काढण्यापेक्षा दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं बसा. बोट पडद्याच्या धातूला अगदी लागून, त्याच्या मागे टेकवा. घराच्या मधोमध दाबलं की जास्त जोर लागतो आणि सूरही खरखरतो. टोकं हुळहुळली तर ते चालायचंच. पण बोटांच्या सांध्यात, मनगटात किंवा अंगठ्याच्या बुडाशी कळ येत असेल तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर टोकाला चीर पडेपर्यंत ताणू नका. पिक वापरणार असाल तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची पातळ घ्या. उतरवलेल्या तारांवर जोराचा हात टाकला तर त्या पडद्यांवर आपटतात.

आता काळी एक. अ‍ॅपमध्ये "हाफ स्टेप डाउन" असं ट्यूनिंग असतं, ते निवडा. नसेल तर क्रोमॅटिकवर ठेवा आणि सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत असे सूर लावा: डी शार्प, जी शार्प, सी शार्प, एफ शार्प, ए शार्प, डी शार्प. पेटीवर मोजायचं तर काळी दोन, काळी चार, काळी एक, काळी तीन, काळी पाच आणि पुन्हा काळी दोन. सहाही तारा काळ्या पट्ट्यांवर येतात. मग पुस्तकात डी म्हणून दाखवलेला कॉर्ड, जो नवशिक्याला सगळ्यात आधी जमतो, तो कॅपो न लावता थेट काळी एकचा कॉर्ड होतो. तुम्हाला चार कॉर्ड हवे होते ना? डी, जी, ए आणि ई मायनर शिका. चारही उघड्या तारांचे आहेत, एकातही बोट आडवं टाकून सगळ्या तारा दाबाव्या लागत नाहीत. कुणी नेहमीच्या सुरातली गिटार घेऊन बरोबर बसलं तर पहिल्या पडद्यावर कॅपो लावलात की तुमची गिटारही त्याच्या सुरात येते.

आणि ज्या दिवशी बोटांना विश्रांती हवी असेल त्या दिवशी डावा हात मांडीवर ठेवा. या ट्यूनिंगमध्ये तुमची मोकळी चौथी तार हा तुमचा षड्ज आहे आणि मोकळी पाचवी तार त्याखालचा मंद्र पंचम. अंगठ्याने पाचवी एकदा आणि चौथी दोनदा, सावकाश छेडत राहा, आणि भावगीताचा मुखडा त्यावर म्हणून बघा.